कॅमेरे दोन, खंड्या एकच

डिसेंबरातली सकाळ. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमाराची होडी संथपणे चाललेली असते. होडीत चार जण, चौघांच्याही गळ्यात कॅमेरा. पाण्यातून वर आलेल्या एका वाळक्या खोडावर खंड्या बसलेला दिसतो आणि होडीवाला न सांगता वल्हे थांबवतो. पुढच्या मिनिटभरात चौघांचे मिळून दोन-तीनशे फोटो निघतात. किनाऱ्यावर परतल्यावर मासळीच्या ताटावर बसून वाद सुरू होतो, तो मात्र पक्ष्याबद्दल नसतो. ‘क्रॉप सेन्सर घ्या, पक्षी दीडपट जवळ येतो,’ असे एकजण सांगतो. ‘छे, फुल फ्रेमशिवाय फोटोला जान नाही,’ असे दुसरा ठासून सांगतो.

दोघेही मोठ्या आत्मविश्वासाने बोलत असतात. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे असते.

आता समजा, त्याच टेबलावर एक निवृत्त गृहस्थ बसले आहेत. वय साठीच्या पुढे. निवृत्तीच्या पैशांतून थोडी रक्कम छंदासाठी बाजूला काढली आहे. मान अधूनमधून आखडते, चाळिशी लागून वीस वर्षे झाली आहेत. त्यांना एकच कॅमेरा घ्यायचा आहे आणि पुन्हा पुन्हा घेणे परवडणारे नाही. त्यांच्यापुढे दोन नावे आहेत : निकॉन डी ५०० आणि निकॉन डी ८५०. पक्षी टिपणाऱ्या मंडळींत वर्षानुवर्षे चर्चेत राहिलेली ही जोडी. या गृहस्थांनी काय करावे? जाहिरातीपेक्षा शाळेतले भौतिकशास्त्र आणि थोडे शरीरशास्त्र इथे जास्त उपयोगी पडते.

दोन यंत्रांची ओळख

दोन्ही डीएसएलआर आहेत. म्हणजे लेन्समधून येणारा प्रकाश आतल्या आरशावर आणि वरच्या लोलकावर परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो.

डी ५०० जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाला. त्याचा सेन्सर २३.५ गुणिले १५.७ मिलिमीटरचा आहे. यालाच बोलीभाषेत क्रॉप सेन्सर आणि निकॉनच्या भाषेत डीएक्स म्हणतात. त्यावर २०.९ मेगापिक्सेल, म्हणजे दोन कोटींहून थोडे अधिक प्रकाशबिंदू आहेत. डी ८५० ऑगस्ट २०१७ मध्ये आला. त्याचा सेन्सर ३५.९ गुणिले २३.९ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. म्हणून तो फुल फ्रेम. त्यावर ४५.७ मेगापिक्सेल आहेत. क्षेत्रफळाचा हिशेब केला, तर डी ८५० चा सेन्सर डी ५०० च्या सुमारे २.३ पट मोठा भरतो.

किमतीतले अंतरही तसेच. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत डी ५०० ची सुमारे २,००० डॉलर आणि डी ८५० ची सुमारे ३,३०० डॉलर होती. लेन्सचा खर्च वेगळा.

‘पक्षी जवळ येतो’ म्हणजे काय?

क्रॉप सेन्सरवर ५०० मिलिमीटरची लेन्स ‘७५० सारखी’ होते, हे वाक्य दुकानदारापासून मित्रापर्यंत सगळे ऐकवतात. प्रत्यक्षात लेन्सला मागे कोणता सेन्सर बसवला आहे, याचा पत्ताही नसतो. ती आपल्या ठरलेल्या आकाराचे चित्र मागे पाडते. मोठा सेन्सर त्या चित्राचा मोठा भाग टिपतो, लहान सेन्सर फक्त मधला भाग. भिंतीवर लावलेला गणपतीचा फोटो मोठ्या खिडकीतून पाहिला काय आणि लहान खिडकीतून पाहिला काय, गणपती तेवढाच राहतो. लहान खिडकीत तो चौकटभर दिसतो, इतकेच.

मग पक्ष्याचा तपशील ठरतो कशावर? पक्ष्याच्या प्रतिमेवर किती पिक्सेल बसतात, यावर. हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन करता येतो.

खंड्या चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत साधारण २८ सेंटीमीटर असतो. तो २८ मीटरवर बसला आहे आणि लेन्स ५०० मिलिमीटरची आहे, असे धरू. सेन्सरवर पडणाऱ्या त्याच्या प्रतिमेची लांबी काढायला लेन्सचे नाभीय अंतर पक्ष्याच्या लांबीने गुणायचे आणि पक्ष्यापर्यंतच्या अंतराने भागायचे. उत्तर येते ५ मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढा खंड्या! दोन्ही कॅमेऱ्यांत तो तेवढाच असणार.

आता पिक्सेल मोजू. डी ५०० चा एक पिक्सेल सुमारे ४.२२ मायक्रॉन रुंद आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या ५ मिलिमीटरमध्ये सुमारे १,१८५ पिक्सेल बसतात. डी ८५० चा पिक्सेल सुमारे ४.३५ मायक्रॉनचा. तिथे बसतात सुमारे १,१५०. फरक तीन टक्क्यांचा. पंखावरच्या निळ्या रंगाच्या बारकाव्यात हा फरक कोणालाही ओळखू येणार नाही.

डी ८५० मध्ये क्रॉप करून फोटो काढण्याची सोय आहे. ती चालू केली की ५,४०८ गुणिले ३,६०० पिक्सेलचा, म्हणजे १९ मेगापिक्सेलहून थोडा मोठा फोटो मिळतो. थोडक्यात, डी ८५० च्या पोटात जवळजवळ एक डी ५०० बसलेला आहे. पक्षी अचानक उडाला आणि चौकटीतून निसटू लागला, तर भोवतालची मोकळी जागा हा वरचा फायदा.

मग क्रॉप सेन्सरची ख्याती खोटी होती का? तसे नाही. २०१४ साली आलेला डी ७५० घ्या. तोही फुल फ्रेमच, पण २४.३ मेगापिक्सेलचा. त्याचा पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असल्याने आपल्या खंड्यावर तिथे जेमतेम ८४० पिक्सेल बसतात. अशा कॅमेऱ्यापुढे डी ५०० खरोखरच सरस ठरतो. ‘क्रॉपमध्ये पक्षी जवळ येतो’ हा नियम त्या काळच्या फुल फ्रेमच्या तुलनेत जन्मला आणि नंतर पिक्सेल बारीक झाले, तरी तोंडी चालत राहिला. तेव्हा कोणत्याही दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना सेन्सरची रुंदी मायक्रॉनमध्ये घेऊन तिला आडव्या पिक्सेलच्या संख्येने भागावे. पिक्सेल जितका लहान, तितका दूरच्या पक्ष्यावर तपशील अधिक.

परात, वाटी आणि पाऊस

दुसरा दावा अंधाराचा. मोठा सेन्सर कमी उजेडात चांगला, असे म्हणतात. हे समजून घ्यायला वळवाच्या पावसाची सुरुवात आठवावी. पहिले टपोरे थेंब अंगणात पडू लागले की शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांत सारखे थेंब पडत नाहीत. एकीत सात, दुसरीत बारा. पाऊस वाढला की दोन्ही वाट्या जवळपास सारख्याच भरतात. प्रकाशाचेही असेच आहे. तो सुट्या कणांनी येतो आणि ते कण अनियमितपणे पडतात. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० कण पडत असतील, तर त्यात साधारण १०० चा, म्हणजे एक टक्क्याचा चढउतार असतो. सरासरी १०० कणच पडत असतील, तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्क्यांचा होतो. हाच चढउतार फोटोत दाणेदार खरखरीसारखा दिसतो. त्याला ‘नॉइज’ म्हणतात. या नॉइजचा मोठा भाग कॅमेऱ्याच्या दर्जामुळे येत नाही. तो प्रकाशाच्या स्वभावातच आहे.

परात वाटीपेक्षा जास्त थेंब झेलते, म्हणून मोठ्या सेन्सरचे चित्र स्वच्छ. इथपर्यंत बरोबर. पण अट एकच : परात पूर्ण वापरली गेली पाहिजे. आपला खंड्या दोन्ही सेन्सरवर ५ मिलिमीटरचाच आहे. त्याच लेन्समधून त्याच्या वाट्याला येणारा प्रकाशही तेवढाच. भोवतीच्या मोकळ्या पाण्यावर पडलेले जास्तीचे थेंब फोटो कापताना फेकूनच द्यायचे आहेत. त्यामुळे दूरच्या पक्ष्याचा फोटो कापून मोठा करायचा असेल, तर फुल फ्रेमचा अंधारातला फायदा जवळजवळ नाहीसा होतो.

तो फायदा मिळवायचा, तर खंड्या मोठ्या चौकटीतही तितकाच भरला पाहिजे. म्हणजे एक तर जवळ जायचे, नाही तर लांब लेन्स लावायची. निकॉनची ८०० मिलिमीटरची एफ ५.६ लेन्स साडेचार किलोंहून जड आहे आणि तिची किंमत दोन्ही बॉडींना मिळून मागे टाकते. आपल्या गृहस्थांच्या यादीत ती बसत नाही.

परात पूर्ण वापरता येते अशा जागाही पुष्कळ आहेत. ताडोबात कधी कधी वाघ रस्त्यालगत येऊन बसतो आणि चौकट भरून उरतो. घरचे लग्न, नातवाचे बारसे, मंदिराच्या गाभाऱ्यातला मंद उजेड, इथे फोटो काढणारा हवे तेवढे जवळ जाऊ शकतो. अशा ठिकाणी डी ८५० ला सुमारे २.३ पट अधिक प्रकाश मिळतो आणि तो फोटोत दिसतो. निसर्गदृश्यांतही तसेच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून मावळता सूर्य आणि खालची काळोखी दरी एकाच चौकटीत घ्यायची असेल, तर डी ८५० चा किमान आयएसओ ६४ कामी येतो. डी ५०० चा किमान आयएसओ १०० आहे. आयएसओ कमी म्हणजे पिक्सेल भरून वाहण्याआधी जास्त प्रकाश साठवता येतो, आणि सावलीतला तपशील नंतर उजळला तरी खरखर वर येत नाही.

इथे आकड्यांचा एक सापळा सांगायला हवा. डी ५०० चा आयएसओ ताणून १६,४०,००० पर्यंत नेता येतो, तर डी ८५० चा १,०२,४०० पर्यंतच. नुसते आकडे पाहणाऱ्याला वाटेल, अंधाराचा राजा डी ५०० च. पण आयएसओ वाढवल्याने प्रकाशाचा एक कणही वाढत नाही. आलेला क्षीण संकेत, खरखरीसकट, फक्त मोठा केला जातो. त्या टोकाच्या आकड्यावर निघालेल्या फोटोत खंड्या आहे की कावळा, हे सांगणेही अवघड जाईल. लाऊडस्पीकरचा आवाज वाढवला म्हणून गायकाचा गळा सुधारत नाही.

एका सेकंदाचे दहा तुकडे

खंड्या सूर मारतो तेव्हा काय होते? डोळ्याने हालचाल पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. साठीत तो थोडा वाढतो. म्हणजे नेमका क्षण ‘बघून’ टिपणे शक्यच नसते. अंदाज घेऊन बटण दाबून धरायचे आणि कॅमेऱ्याने एकामागून एक फोटो घ्यायचे, हाच उपाय.

डी ५०० सेकंदाला १० फोटो घेतो, डी ८५० सात. पक्षी सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर डी ५०० च्या दोन फोटोंमध्ये तो एक मीटर सरकतो आणि डी ८५० च्या दोन फोटोंमध्ये जवळपास दीड मीटर. चोच पाण्याला टेकली तो क्षण या फटीत हरवू शकतो. डी ८५० ला खाली वेगळी बॅटरी ग्रिप आणि मोठी बॅटरी लावली, तर तोही नऊवर जातो. पण तेवढे वजन आणि खर्च वाढतो.

फोटो साठवण्याची दमसासही वेगळी आहे. वेगवान एक्सक्यूडी कार्ड असेल, तर डी ५०० पूर्ण दर्जाचे २०० रॉ फोटो सलग घेऊ शकतो, म्हणजे बटण वीस सेकंद दाबून धरता येते. डी ८५० त्याच दर्जाचे ५१ फोटो घेऊन मंदावतो, म्हणजे सात सेकंदांच्या आसपास.

फोकसची यंत्रणा दोघांत जवळपास एकच आहे : १५३ फोकस बिंदू. मात्र डी ५०० च्या लहान चौकटीत ते जवळजवळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरतात, तर डी ८५० मध्ये मधल्या भागात गोळा झालेले दिसतात. कडेने उडत येणाऱ्या पक्ष्याला पकडायचे असेल, तर डी ५०० चा हा फायदा रोज जाणवतो. बसलेला खंड्या दोघांत सारखा; उडता खंड्या डी ५०० चा.

मानेचा हिशेब

कॅमेरा घेताना वजनाचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि घेतल्यावर सर्वांत आधी जाणवतो. बॅटरी आणि कार्डासह डी ५०० भरतो ८६० ग्रॅम, डी ८५० भरतो १,००५ ग्रॅम. फरक १४५ ग्रॅमचा, एका मध्यम सफरचंदाएवढा. यावरून पुष्कळजण डी ५०० ला ‘हलका’ म्हणतात.

पण पक्ष्यांसाठी पुढे लावायची लेन्स पाहा. निकॉनची २०० ते ५०० मिलिमीटरची एफ ५.६ झूम लेन्स, २०१५ पासूनची आणि पक्षीमित्रांच्या आवडीची, ट्रायपॉडच्या कड्यासह सुमारे २,३०० ग्रॅम भरते. २०१८ मध्ये आलेली ५०० मिलिमीटरची एफ ५.६ ‘पीएफ’ लेन्स भरते १,४६० ग्रॅम. तिच्यात एक भिंग विशिष्ट प्रकारे खाचा पाडून बनवलेले असते, त्यामुळे लेन्स आखूड आणि हलकी होते. झूम मात्र मिळत नाही. दोन लेन्समधला फरक ८४० ग्रॅम. दोन बॉडींमधल्या फरकाच्या जवळपास सहापट! ज्याची मान दुखते, त्याने बॉडीवर डोके खाजवण्यापेक्षा लेन्सचे वजन आधी पाहावे. हलकी लेन्स महाग आहे, हे खरे. पण स्वस्त बॉडी घेऊन वाचलेले पैसे नेमके तिथेच वापरता येतात.

शरीरावर ताण येतो कसा, हेही समजून घेणे बरे. गळ्यात अडकवलेला तीन किलोंचा कॅमेरा पट्ट्यातून मानेच्या मागच्या बाजूवर ओढ देतो. डोके पुढे झुकते आणि ते सावरायला मानेमागचे व खांद्याचे स्नायू तासन् तास आखडून राहतात. कॅमेरा डोळ्याशी धरला की भार हातांवर येतो. तरफेचा नियम इथेही लागू होतो : वजन शरीरापासून जितके दूर, तितका सांध्यांवरचा भार मोठा. पाण्याने भरलेली कळशी बायका कमरेवर घेतात, हात लांब करून धरत नाहीत, ते याच कारणाने.

म्हणून काही साध्या सवयी. जड लेन्स असेल, तर गळ्यातला पट्टा सोडून खांद्यावरून तिरका जाणारा किंवा दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा पट्टा वापरावा, आणि तो लेन्सच्या कड्याला अडकवावा. फोटो घेताना डाव्या हाताचा तळवा लेन्सखाली आणि दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकलेली असावीत. एका पायाचा मोनोपॉड बहुतांश भार जमिनीवर सोपवतो. होडीत तो अडचणीचा वाटला, तर गुडघ्यावर किंवा पिशवीवर लेन्स टेकवावी. पक्षी नसेल तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा, दर दहा-पंधरा मिनिटांनी खांदे आणि मान सैल करावी. हातात मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, मानेतून हातात कळ जाणे अशी लक्षणे दिसली, तर पट्टा बदलून वाट पाहू नये; डॉक्टरांना दाखवावे.

चाळिशी आणि व्ह्यूफाइंडर

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे स्पष्ट दिसत नाही. फोटो धूसर आले म्हणून कॅमेऱ्याला दोष देणाऱ्या कित्येकांनी व्ह्यूफाइंडरच्या कडेची छोटी चकती कधी फिरवलेलीच नसते. ही चकती डोळ्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवते. ती फिरवताना समोरच्या देखाव्याकडे न पाहता व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यांकडे पाहावे. आकडे ठळक दिसले की डोळा जुळला.

या चकतीची मर्यादा डी ५०० मध्ये उणे २ ते अधिक १ आणि डी ८५० मध्ये उणे ३ ते अधिक १ अशी आहे. लांबचे न दिसणाऱ्या, म्हणजे उणे नंबर असलेल्या आणि चष्म्याशिवाय कॅमेरा वापरू पाहणाऱ्या व्यक्तीला डी ८५० थोडा अधिक सोयीचा. शिवाय त्याच्या व्ह्यूफाइंडरमधले चित्र डी ५०० पेक्षा साधारण बारा टक्क्यांनी मोठे दिसते. दुकानात दोन्ही कॅमेरे डोळ्याला लावून पाहण्याचे हे खरे कारण. नेहमीचा चष्मा लावूनच पाहावे आणि चौकटीचे चारही कोपरे दिसतात का, हे तपासावे.

घरी आल्यावरचा खर्च

डी ८५० चा एक पूर्ण दर्जाचा रॉ फोटो साधारण ५० एमबी जागा घेतो, डी ५०० चा साधारण २५ एमबी. भिगवणच्या एका सकाळी हजार फोटो सहज निघतात. म्हणजे ५० जीबी विरुद्ध २५ जीबी. हिवाळाभरात हार्ड डिस्क भरते आणि जुना कॉम्प्युटर धापा टाकू लागतो. बॉडीच्या किमतीत हा खर्च लिहिलेला नसतो.

त्या बदल्यात मिळते काय? छपाईत दर इंचाला ३०० बिंदू धरले, तर डी ५०० चा पूर्ण फोटो साडेअठरा गुणिले सव्वाबारा इंचांपर्यंत आणि डी ८५० चा साडेसत्तावीस गुणिले सव्वाअठरा इंचांपर्यंत छापता येतो. दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठे चित्र लावायचे असेल, तर फरक दिसेल. पण बहुतेक फोटो मोबाइलवर पाठवले जातात आणि फुल एचडी पडद्यावर जेमतेम दोन मेगापिक्सेल दिसतात. तिथे दोन्ही कॅमेऱ्यांचा खंड्या हुबेहूब एकच.

वापरलेला घेताना

डी ५०० चे उत्पादन थांबल्याचे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे तो आता बहुतेकदा वापरलेलाच मिळतो, आणि डी ८५० घेणारेही अनेकदा वापरलेलाच शोधतात. दोघांचे शटर २ लाख वेळा चालेल, अशा चाचणीतून गेलेले आहे. कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले, याची नोंद फोटोच्या फाइलमध्ये असते. विकणाऱ्याकडून नुकत्याच काढलेल्या फोटोची मूळ फाइल मागून ती तपासता येते. एफ १६ वर ठेवून निरभ्र आकाशाचा फोटो काढावा; सेन्सरवर धूळ असेल, तर काळसर ठिपके दिसतात. धूळ साफ होते, ओरखडे जात नाहीत. लेन्स उजेडासमोर धरून आत पाहावे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. घरीही कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कपाटात कोंडून ठेवू नये. हवेतला दमटपणा ४० ते ५० टक्के राहील असे बंद खोके आणि सिलिका जेल पुरेसे होते.

नवे आरसाविरहित कॅमेरे आल्यामुळे आता डीएसएलआर घ्यावाच का, असाही प्रश्न येतो. वर सांगितलेल्या दोन्ही लेन्स निकॉनच्या आरसाविरहित कॅमेऱ्यांवर अडॉप्टर लावून चालतात. त्यामुळे पैसा चांगल्या लेन्सवर घातला, तर पुढे बॉडी बदलली तरी तो वाया जात नाही.

तर मग कोणता?

निर्णयाआधी आपल्या गृहस्थांनी एक संध्याकाळ घरीच घालवावी. सध्याच्या कॅमेऱ्यातले किंवा मोबाइलमधले, स्वतःला आवडलेले शेवटचे शंभर फोटो समोर घ्यावेत आणि तीन गोष्टी मोजाव्यात. किती फोटो दूरच्या पक्ष्याचे, कापून मोठे केलेले आहेत? किती हलत्या, उडत्या जिवांचे आहेत? आणि किती डोंगर, देऊळ, घरची माणसे यांचे आहेत?

पहिल्या दोन रकान्यांत सत्तर-ऐंशी फोटो पडले, तर डी ५०० घ्यावा आणि उरलेले पैसे हलक्या लेन्समध्ये घालावेत. दूरच्या खंड्यावर त्याला डी ८५० इतकाच तपशील मिळेल, उडताना थोडा अधिक वेग मिळेल, आणि मान वाचेल. तिसरा रकाना मोठा निघाला, किंवा तिन्ही जवळपास सारखे निघाले, तर डी ८५० वर जास्त पैसे घालण्यात अर्थ आहे. तो पक्ष्यांच्या कामात फारसा मागे पडत नाही आणि बाकी सगळीकडे पुढे राहतो. फक्त हार्ड डिस्क आणि पट्टा यांचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत.

आणि शंभर चांगले फोटोच सापडले नाहीत, तर दोन्ही कॅमेरे थोडे लांबणीवर टाकलेले बरे. त्याच रकमेच्या अगदी लहानशा भागात भिगवणच्या होडीच्या पुष्कळ फेऱ्या होतात. खंड्या रोज त्याच खोडावर येतो, वाऱ्याची दिशा पाहून बसतो आणि सूर मारण्याआधी मान खाली घालून पाण्याकडे रोखून पाहतो. हे ज्याला आधी कळते, त्याचे बोट योग्य क्षणी बटणावर असते. तो पाव सेकंद कोणत्याही बॉडीत मिळत नाही.